चौकटीवरची टकटक

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्याच घरात घडलंय. रात्री नाही, भर दुपारी.

बायको जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

जिन्यावरून पडल्यापासून तिला मानेखाली काहीच हलवता येत नसे. बॅटरीवरची खुर्ची ती श्वासावर चालवायची. ओठांपाशी एक नळी. फुंकलं की पुढे, ओढलं की मागे. खुर्ची लावून देणाऱ्या मेकॅनिकने तिच्या अगदी हलक्या फुंकरीवर ती बेतली होती. एकदा मी फुंकून पाहिलं, तर थेट कपाटावर आदळलो.

ती म्हणाली, "तुमची फुंकर चहा गार करायलाच बरी."

तिचा आवाज बारीक. स्वयंपाकघरात ऐकू येत नसे. मग ती खुर्चीची पाय ठेवायची पट्टी दाराच्या चौकटीवर दोनदा आपटायची.

टक. टक.

"आलो गं," मी म्हणायचो.

आपल्यामागे खुर्ची पडून राहू द्यायची नाही, असं तिने मला बजावलं होतं. चार महिने अंथरुणात असलेल्या एका मुलीला ती द्यायचं ठरलं. खुर्ची न्यायला तोच मेकॅनिक आला. मी चहा ठेवायला आत गेलो.

आधण आलं...

टक. टक.

"आलो गं."

तोंडातून निघून गेलं. मग अंगावर काटा आला.

वळून पाहिलं. दारात खुर्ची. रिकामी.

मेकॅनिक मागे हॉलमध्ये, जागेवरच थिजलेला. खुर्चीची नळी त्याच्या हातात.

"काका, मी आताच काढली ही. त्यानंतर खुर्चीला हात लावला नाही."

नळी आतून धुरकटली होती... नुकताच कुणी श्वास सोडावा तशी.

तारेत काहीतरी बिघाड असेल, असं तो पुटपुटला. चहा न घेताच खुर्ची घेऊन गेला.

आठवड्याने त्या मुलीच्या आईचा फोन आला. पोरगी कित्येक दिवसांनी गॅलरीत जाऊन बसली म्हणून बाई रडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, दुपारी पोरगी झोपलेली असते, तेव्हा खुर्ची एकटीच स्वयंपाकघराच्या दाराशी येते. चौकटीवर दोनदा आपटते.

मी सांगितलं, आतून फक्त 'आलो गं' म्हणा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"म्हटलं हो मी. तर ती मागे सरकली. थोडं थांबून परत आली. काका, ती कुणाला तरी शोधतेय. एकदा येऊन जाल का?"

मी अजून गेलेलो नाही.

मी गेलो, ओ दिली आणि ती माझ्यामागे घरी यायला निघाली, तर? त्या पोरीला पुन्हा अंथरुणात घालायचं?

आणि नाही गेलो, तर...

दुपार झाली की मी स्वयंपाकघरात जातो. गॅस पेटवत नाही. रिकाम्या दाराकडे पाठ करून उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "आलो गं."

तिथे ऐकू जात नसावं.

आज पुन्हा फोन वाजतोय.