नाव न घेता

टॅबिथाने चुकीचं दार लोटलं ते पावसामुळे.

कापून टाकलेल्या मक्याच्या शेतांवरून वारा असा आडवा येत होता की पाणी सरळ कानात शिरत होतं. समोर लाल विटांच्या दोन इमारती, जुळ्या बहिणींसारख्या. सोडायला आलेली आई गाडी वळवून निघूनही गेली होती. टॅबिथाने सुटकेस ओढत जवळचं दार गाठलं, आत शिरली, चष्मा स्वेटरला पुसला आणि वर पाहिलं... तर समोर एक मुलगा. अनवाणी, गळ्यात टॉवेल आणि हातात लोणी लावलेला पाव.

"आणखी एक पाऊल टाकू नकोस," तो अगदी शांतपणे म्हणाला. "हे मुलांचं हॉस्टेल आहे. तू आत आलीस तर मला स्वतःचीच तक्रार करायला जावं लागेल."

"स्वतःची?"

"इथे तसंच असतं. आपण चुकलो की आपणच जाऊन सांगायचं. मागच्या वर्षी एक जण मनातल्या मनात शिवी दिली म्हणून सांगायला गेला होता. अधीक्षकांनी कॉफी पाजून परत पाठवला त्याला."

तिला हसू फुटलं. पण हसताना तिची नजर त्याच्या नजरेमागोमाग खाली गेली, आणि आपण पायपुसण्यावर तळं केलंय, जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली आहे आणि आत्ताच, या क्षणी, दोन मुलं जिन्यावरून उतरून आपल्याकडे बघत थबकलीत, हे सगळं एकदमच तिच्या लक्षात आलं. कान तापले. "सॉरी" म्हणाली की नाही हे तिला नंतर आठवेना.

लाज तिला नवी नव्हती. विदरबी हे ख्रिस्ती कॉलेज बघायला त्या शुक्रवारी आलेल्या मुली सतरा वर्षांच्या होत्या. इस्त्रीचे लांब स्कर्ट, घरी आईनेच शिकवून तयार केलेल्या, लॅटिन क्रियापदं गाणं म्हणावं तशी म्हणणाऱ्या. टॅबिथा वीस वर्षांची. फोर्ट वेन शहरातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढलेली, आणि त्यातलं एक काय शिकायचं हे ठरवण्यातच गेलेलं. जानेवारीपासून इथे यायचं की राज्याच्या मोठ्या विद्यापीठात जायचं, हे तिला रविवारी घरी जाताना सांगायचं होतं. आईचं ठरलेलं होतं. लहान जागा, देवाला मानणारी माणसं, तिथे तू सुरक्षित राहशील, असं ती महिनाभर म्हणत होती. टॅबिथाला वाटे, मी यांच्यात शोभेन तरी का?

दुपारी पाहुण्यांना कॉलेज दाखवायला जो आला, तो तोच. आता पायात बूट होते, केस बसवलेले. आपलं नाव सायलस ब्रुबेकर, तिसऱ्या वर्षाला, इतिहास घेतलाय, असं त्याने सांगितलं आणि टॅबिथाकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "काही पाहुण्यांनी फेरी आधीच सुरू केलीय, असं कळलं."

वाचनालय झालं, घंटेचा मनोरा झाला. मुलींच्या हॉस्टेलच्या बैठकीपाशी त्याने नियम सांगितले. मुलांना रविवारी दुपारीच खोल्यांत जाता येतं, दार उघडं हवं, आणि दोघांचे चारही पाय जमिनीवर हवेत.

"आणि हात?" टॅबिथाच्या तोंडून निघून गेलं.

लांब स्कर्टवाल्या मुली गप्प झाल्या. टॅबिथाला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

सायलसने क्षणभर विचार केल्यासारखं केलं. "हातांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. विसरले असावेत बिचारे." आणि पुढे चालू लागला. पण त्याच्या मानेवर लाली चढली होती, ती मागून चालणाऱ्या टॅबिथाला दिसली... आणि का कोण जाणे, तिची स्वतःची लाज जराशी हलकी झाली.

फेरी संपली, बाकीच्या मुली सफरचंदाचं गरम सायडर प्यायला पळाल्या. टॅबिथा आपला कप घेऊन आली आणि हे दोघं चॅपेलच्या, कॉलेजच्या प्रार्थनाघराच्या, पायऱ्यांवर रेंगाळले. पाऊस आता नुसता भुरभुरत होता. तिने विचारलं, इतका वेळ जे सगळ्यांना सांगितलंस ते राहू दे. मला खरं सांग, मी इथे यावं की राज्याच्या मोठ्या विद्यापीठात जावं?

त्याने ठरलेलं उत्तर सुरू केलं. छोटे वर्ग, घरी जेवायला बोलावणारे प्राध्यापक... आणि मध्येच थांबला. तिच्या कपातल्या वाफेकडे बघत राहिला.

"तू खरं विचारलंस," तो म्हणाला, "म्हणून खरं सांगतो. दीड वर्षापूर्वी माझी आई गेली. ती आजारी असताना इथल्या प्रत्येकाने तिच्यासाठी प्रार्थना केली. गुडघ्यांवर बसून, रडून. आणि ती गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाही. चॅपेलमध्ये मी नुसते ओठ हलवतो. माशासारखे." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "ज्यांनी इतकं केलं त्यांना हे कसं सांगू? कोणालाच सांगितलं नाही. आज तुला."

आपला गरम कप तिने त्याच्या गारठलेल्या बोटांना टेकवला. तो तसाच राहू दिला त्याने, बराच वेळ.

त्या रात्री ती छान झोपली. आणि सकाळी तिने ते केलं.

मेरीबेथ नावाच्या ज्या मुलीच्या खोलीत तिची सोय केली होती, तिच्याकडे शनिवारी सकाळी मजल्यावरच्या मुली जमत. गालिच्यावर गोल करून, लोकरी मोजे घालून, मधे दालचिनीचे रोल. एकेकीने आपली प्रार्थनेची विनंती सांगायची आणि सगळ्यांनी तिच्यासाठी हात जोडायचे. एकीची परीक्षा होती, एकीच्या आजोबांचं ऑपरेशन. कोणी उगाच बोलत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. टॅबिथाला वाटलं, इतक्या ऊबदार खोलीत आपण कधी बसलेलोच नाही. पाळी तिच्याकडे सरकत आली आणि तिच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं. फाटलेली जीन्स आणि वाया गेलेलं वर्ष, हे कोणी प्रार्थनेत मागतं का?

"काल मला एक जण भेटला," ती म्हणाली. "नाव नाही घेत. तो इतरांना हे सगळं दाखवत फिरतो, पण त्याला स्वतःला... आई गेल्यापासून त्याला प्रार्थनाच करता येत नाही. चॅपेलमध्ये नुसते ओठ हलवतो."

"अगं..." असा एक मऊ उसासा गोलातून फिरला. मेरीबेथने तिचा हात हातात घेतला. दुसऱ्या बाजूच्या मुलीने खांद्यावर डोकं टेकलं. आणि टॅबिथाला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, फार बरं वाटलं. जणू आपल्याला आत घेतलं. डोळे मिटल्यावर मात्र मनात प्रश्न आला. पाहुण्यांना कॉलेज दाखवणारा, आई गेलेला... असे इथे किती असणार होते?

जेवणाच्या वेळेपर्यंत उत्तर मिळालं.

सायलस ताट घेऊन रांगेत उभा होता. एक धिप्पाड मुलगा आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही पुटपुटला आणि डोळे पुसत गेला. मग दोघं आले. तिघांनी तिथेच, सॅलडच्या टेबलापाशी, त्याच्याभोवती उभं राहून डोळे मिटले. सायलसच्या ताटातलं सूप हिंदकळत होतं. फेऱ्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी तर इतक्या मायेने सांगितलं की ते पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू आलं: बाळा, आज दुपारी तू आराम कर, पाहुण्यांना दुसरं कोणी फिरवेल. कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. तसं कोणी बोललं असतं तर टॅबिथाला निदान त्या बोलणाऱ्यावर रागावता आलं असतं.

मग सायलसने मान वर करून खोलीभर नजर फिरवली. ती तिच्यापाशी येऊन थांबली. त्यात राग नव्हता... नुसतं कळणं होतं. तिने चटकन खाली पाहिलं, आणि खाली पाहिलं याचीच पुन्हा लाज वाटली.

उरलेला शनिवार ती त्याला चुकवत राहिली. तो वाचनालयात दिसला तर ती कपाटामागे वळली. आपण भल्यासाठीच केलं, नाव कुठे घेतलं, असं ती स्वतःला समजावत होती, आणि दर वेळी तो "अगं..." कानात येई, आणि तो किती गोड लागला होता हे आठवून तिला स्वतःचीच किळस येई. मोठ्या विद्यापीठात जावं. तिथे हजारो मुलं, कोणाचं तोंड पुन्हा दिसत नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी उपासनेनंतर निरोपाचं जेवण होतं. तिथली रीत अशी की जाण्याआधी एकेका पाहुण्याने उभं राहून सांगायचं, या दोन दिवसांत देवाने मला काय दिलं. लांब स्कर्टवाल्या मुली सुरेख बोलल्या. टॅबिथा उठली. तिचं ठरलं होतं, सगळ्यांसमोर कबूल करायचं. मी एकाचा विश्वास मोडला, मला क्षमा करा, असं म्हणायचं. खुर्ची करकरली, शंभर चेहरे वळले, सगळे आधीच हळवे झालेले.

पलीकडच्या टेबलावर सायलसचा चमचा हवेतच थांबला.

तेव्हा तिला दिसलं की ती पुन्हा तेच करायला निघाली होती. पुन्हा त्याचंच दुःख ताटात वाढायचं, पुन्हा उसासा ऐकायचा, फक्त या वेळी खोली मोठी.

"मक्याचं सूप छान होतं," टॅबिथा म्हणाली. "थँक यू."

आणि ती खाली बसली. कोणीतरी खोकलं. मेरीबेथ तिच्याकडे असं बघत होती की ही बरी आहे ना. टॅबिथाचं तोंड भाजल्यासारखं झालं होतं, पण ती लाज तिने गिळली. ती निदान तिची एकटीची होती.

बाहेर हिरवळीवर तो घडीच्या खुर्च्या गोळा करत होता. आकाश धुऊन निघालं होतं. ती जाऊन समोर उभी राहिली. या वेळी तिने खाली पाहिलं नाही.

"मीच सांगितलं. प्रार्थनेच्या गोलात. नाव न घेता सांगितलं म्हणून ते काही कमी होत नाही."

त्याने एक खुर्ची मिटली. "सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली?"

"हो."

"तुला बरं वाटलं?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं. "फार बरं वाटलं," ती म्हणाली. "तेच सगळ्यात वाईट आहे."

तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणाला, "मला खूप राग आला होता. अजून आहे. कोणालाच न सांगितलेलं तुला एकटीला सांगितलं होतं, टॅबिथा."

"माहितेय."

"जेवताना उठलीस तेव्हा वाटलं, आता ही पुन्हा..."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून सूप."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने तो आवरला, पण जमलं नाही. "सूप खारट होतं," तो म्हणाला.

"खूपच."

दोघंही हसले, आणि हसू ओसरल्यावर ती तशीच उभी राहिली. हसलो म्हणजे माफ झालं, असं तिने धरलं नाही. खालची खुर्ची उचलून मिटली, ढिगावर ठेवली. त्याने दुसरी दिली. दोघं कामाला लागले. मधेच तो सांगू लागला, तिच्याकडे न बघता: आज उपासनेत मी ओठ हलवले नाहीत, नुसता बसलो. शेजारच्याने गाण्याचं पुस्तक माझ्याही पुढे धरलं आणि स्वतः गात राहिला, बस्स. दीड वर्षात पहिल्यांदा ताठून बसावं लागलं नाही, पाठ दुखली नाही. "पण हे तुझ्या खात्यावर जमा नाही," त्याने बजावलं. "ते माझं मी सांगायला हवं होतं. माझ्या वेळी."

"नाही मागत मी."

"मग? मोठ्या विद्यापीठात?"

"सकाळपर्यंत तेच ठरलं होतं. तिथे तुझं तोंड मला पुन्हा दिसलं नसतं." ती थांबली. "इथे रोज जेवणाच्या रांगेत दिसेल."

"दिसेल," सायलस म्हणाला. "मी सूपसाठी नेहमी दोनदा येतो."

आईची गाडी फाटकातून आत वळली. टॅबिथाने सुटकेस घेतली, तर त्याने ती तिच्या हातून काढून घेतली आणि डिकीत ठेवली. आईला "नमस्कार, मॅडम" म्हणाला, आणि निघून न जाता गाडीशेजारीच थबकला. टॅबिथा आत बसली. काच पूर्ण खाली होती.

"काय मग," आई म्हणाली, "आहे ना सुरक्षित?"

"मुळीच नाही. जानेवारीत येतेय मी."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर. आवाज खाली घेतला, पण तिचा खालचा आवाजही चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "हा मुलगा कोण गं? जरा उदास दिसतो. काय झालंय त्याला?"

टॅबिथाच्या जिभेवर सगळं आलं. आई कळवळली असती, हात हातात घेतला असता.

"ते त्याचं आहे, आई. त्याला वाटलं तर तो सांगेल."

"आणि तुझं काय आहे?" आईने विचारलं.

काच खाली होती, हे तिला माहीत होतं. तो हातभर अंतरावर उभा होता, हेही माहीत होतं. लाज वाटली... भरपूर वाटली. पण हे तिचं स्वतःचं होतं, आणि सांगायचा हक्क तिचाच होता.

"मला तो फार आवडतो," टॅबिथा म्हणाली.

आईने गाडी सुरू करायला घेतलेली किल्ली तशीच सोडली. बाहेर सायलसचे कान हळूहळू लाल होत गेले. मग तो वाकला, खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि आईला अगदी सभ्यपणे विचारलं, "मॅडम, पाच मिनिटं थांबता का? मलाही काही सांगायचंय तिला."