तिसऱ्यांदा म्हणालात तर...

चिंचवडच्या चष्म्याच्या दुकानात तनुजानं समोरच्या तरुणाच्या नाकावर फ्रेम बसवून पाहिली आणि बिलासाठी नाव विचारलं.

"निरंजन सोळुंके."

तिचा हात तिथंच थांबला. या नावाच्या माणसाला तिनं कालच हाकललं होतं.

दुकान सुटलं की तनुजा 'चिखली कट्टा' ही वेबसाइट सांभाळायची. पाणी कधी येणार, खोली कुठं मिळेल, असलं सगळं चिखलीकर तिथं विचारत, आणि त्यात घुसणारा स्पॅमचा कचरा ही पोरगी बिनपगारी उपसत बसायची. नियम कडक होता. एकच मजकूर तीनदा टाकला की ब्लॉक. आणि या गृहस्थानं तर...

"चिखली कट्ट्यावर लिहिणारे तुम्हीच का?" तिनं जपून विचारलं.

"होतो." तो हसला. "काल कुणीतरी बाहेर काढलं. चाकणच्या नोकरीच्या खोट्या जाहिराती येतात ना, त्याखाली मी लिहायलो होतो, 'कंपनी नोकरीसाठी पैसे मागत नसते, फसू नका.' बीडहून आलो तेव्हा मीच फसलोय, मॅडम. म्हणून प्रत्येकीखाली तेच लिहिलं. दुसरं काय लिहू?"

तनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं.

"ते कुणीतरी... मीच."

तो चिडेल असं तिला वाटलं. पण तो बघतच राहिला. "एवढी साइट तुम्ही एकट्या साफ ठेवता? माझी खोली तिथंच मिळाली मला. बाकी सगळीकडं नुसते दलाल."

आजवर तिला फक्त शिव्याच मिळाल्या होत्या. कौतुक करणारा हा पहिलाच, आणि तोही तिनंच ब्लॉक केलेला. तिचे कान गरम झाले.

त्या संध्याकाळी तिनं त्याला परत घेतलं, वर सकाळची राखणही सोपवली. कंपनीत त्याची सेकंड शिफ्ट होती, त्यामुळं सकाळ मोकळी असायची. फसलेल्या प्रत्येक पोराला तो वेगळं, शांतपणे उत्तर लिहायचा, आणि ते वाचता वाचता तनुजा त्याच्यात गुंतत गेली.

मग एक दिवस तो काडी ढिली झाली म्हणत दुकानात आला. चष्म्याची काडी अगदी धड होती.

"कंपनी नाशिकला पाठवायली. हो की नाही, ते आज कळवायचंय." तो काचा पुसत राहिला. "त्याआधी... तुम्ही मला आवडता."

बाहेरून बस खडखडत गेली. तिला ऐकू आलं नसावं, असं त्याला वाटलं.

"तुम्ही मला आवडता," तो पुन्हा म्हणाला. तिनं खाली बघत बिलबुक उघडलं. त्यानं चष्मा चढवला आणि तो दाराकडं वळला.

"तिसऱ्यांदा म्हणा ना," मागून आवाज आला.

"ब्लॉक कराल."

"तो नियम लोकांसाठी आहे." ती काउंटरच्या बाहेर आली. "तुम्ही म्हणत राहा... पण चिखलीतच राहून."

तो तिसऱ्यांदा म्हणाला. मग तिच्यासमोरच त्यानं कंपनीला फोन लावला आणि नाशिकला नाही म्हणून सांगितलं.