खंडेनवमी, अकरा चाळीस

ऋतुराज चव्हाण वारला त्याला पस्तीस दिवस झाले होते. आणि कॉम्प्युटरची नोंद सांगत होती, की परवा खंडेनवमीला सकाळी अकरा चाळीसला त्यानं आपला कुलूपबंद फोल्डर उघडला, त्यातली एकच फाइल पुसली आणि अकरा त्रेचाळीसला फोल्डर बंद केला.

फौजदार पूर्णिमा खोतनं ती ओळ दोनदा वाचली. सायबर शाखेत सहा वर्षं काढल्यावर भुताखेतांवरचा विश्वास उडतो. माणसांवरचाही बराचसा उडतो, पण ते ती कुणाला सांगत नसे.

"भूत न्हाय मॅडम, ह्यो बसलाय बघा समोर!" सम्राटमामांचा आवाज मंगळवार पेठेतल्या त्या फोटो लॅबच्या बाहेरपर्यंत गेला. ऋतुराजचे ते मामा. तक्रार त्यांनीच दिली होती. बोट होतं फरहानकडं.

फरहान मुल्लाणी, ऋतुराजचा शाळेपासूनचा दोस्त आणि लॅबमधला कारागीर. तो खाली मान घालून बसला होता.

लॅब ऋतुराजच्या वडिलांची, विजयसिंह चव्हाणांची. पेठेत सगळे त्यांना आबा म्हणत. काउंटरच्या काचेत त्यांचा पहिला कॅमेरा ठेवला होता. त्यावर अंगठ्यानं ओढलेली कुंकवाची उभी रेघ. आबा खुर्चीत बसून नुसते त्या कॅमेऱ्याकडं बघत होते.

"कोणती फाइल गेली?" पूर्णिमानं विचारलं.

उत्तर आलं ते आतल्या दारातून. शालूबाई, ऋतुराजची आई. "माझ्या लेकराची शेवटची, बाई. बाकी सहा वर्षांचं काम हाय तसं हाय. तेवढीच गेली."

मलकापूरच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं तेव्हा ऋतुराजच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी सामान परत मिळालं. फरहाननं कॅमेऱ्यातलं कार्ड ऋतुराजच्या कॉम्प्युटरला लावलं.

"मग?"

"मग काय करायलाच लागत न्हाय मॅडम," फरहान म्हणाला. "ऋत्यानं स्क्रिप्ट लिवलीया, बारका प्रोग्राम. कार्ड लागलं की ती कोपऱ्यातल्या त्या स्टोरेजच्या डब्यातला फोल्डर आपली आपण उघडती, फाइल तिकडं टाकती आणि कार्ड रिकामं करती."

"म्हणजे दुसरीकडं कुठं ती फाइल नाही?"

"न्हाय. शेवटची क्लिप अकरा मिनटांची होती. मी नाव तेवढं बघितलं. लावायचं धाडस झालं न्हाय."

"पासवर्ड कुणाला ठाऊक?"

"ऋत्याला. आणि मला."

"बघा!" मामा उठलेच. "आपल्या तोंडानं बोलतोय!"

"मामा, बसा. खंडेनवमीला तुम्ही कुठं होता?"

"मी? माझ्या ट्रॅक्टरच्या पूजेला. अख्खी गल्ली साक्षीला हाय."

"लॅबच्या किल्ल्या कुणाकडं असतात?"

"दोन हाईत. एक दाजींच्याकडं, एक ह्या बहाद्दराकडं."

"आणि तू, फरहान? अकरा चाळीसला?"

"साडेधाला पूजा झाली. आबांनी कुलूप लावलं. मी कळंब्याला तळ्यावर गेलतो. आमी दोघं बसायचो तितं."

"कुणी बघितलं?"

"न्हाय. एकटाच बसलोतो."

ज्याच्याकडं किल्ली, पासवर्ड, आणि साक्षीदार मात्र एकही नाही, असा संशयित पोलिसांना फार आवडतो. पूर्णिमाला तो आवडला नाही. त्याचे डोळे तिला बघवत नव्हते.

"आबा, तुम्ही?"

"घरात." आबा तुटक बोलले. "त्या कम्पुटरातलं मला काय कळतंय? मला पासवर्ड काय, माझा फोन नंबर बी धड आठवत न्हाय."

ते खोटं नव्हतं. फरहाननंही मान डोलावली.

पूर्णिमा कॉम्प्युटरांच्या रांगेकडं वळली. चार मशीन. त्यातल्या दोन मशीनच्या बटणांवर हळद आणि कुंकू, शेजारी शेजारी दोन बारीक टिकल्या.

"बटणावर का लावता?"

"त्या दिशी हत्याराला इसावा असतोय," शालूबाई म्हणाल्या. "बटणच दाबायचं न्हाय, म्हणून बटणावर. यंदा सण न्हाय घरात. पण हत्याराची पूजा चुकवू न्हाई. चारी मशीनला मीच लावलं."

"फरहान, तुझ्या मशीनचं पुसलंय."

"आज सकाळी माझ्याम्होरं चालू केलं की त्यानं," शालूबाईच म्हणाल्या. "फाइल बघायला म्हणून. तवाच कळलं, फाइल न्हाय. ऋतूच्या मशीनला कुणी हात लावला न्हाय."

चौथं मशीन ऋतुराजचं. पूर्णिमा वाकली. बटणावर कुंकू होतं. हळद नव्हती.

"पूजेचा फोटो काढला होता का?"

फोटो लॅबच ती. फरहाननं मोबाइल पुढं केला. साडेदहाचा फोटो. चारही बटणांवर हळद-कुंकवाच्या जोडटिकल्या.

पूर्णिमानं कुंकवाला धक्का न लावता, पेनच्या टोकानं ऋतुराजचं मशीन चालू केलं. पडद्यावर चार-पाच चिन्हं होती. एकाखाली लिहिलं होतं, 'आबांसाठी'. तिनं ते दाबलं. काहीही न विचारता कुलूपबंद फोल्डर समोर उघडला. मग तिनं त्यामागची स्क्रिप्ट उघडून वाचली. पासवर्ड त्यात सरळ अक्षरांत लिहिलेला होता. सायबर शाखेत नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात, असं कधी करू नका. सगळ्यात खाली ऋतुराजनं स्वतःसाठी मराठीत एक ओळ लिहून ठेवली होती. ती वाचून पूर्णिमा मामांकडं वळली.

"मामा, बाहेर जाऊन चहा सांगून या."

"मी कशाला? मी तक्रारदार हाय!"

"म्हणूनच. जावा."

मामा पुटपुटत गेले. पूर्णिमानं स्टूल ओढलं आणि आबांच्या समोर बसली.

"फरहाननं हे केलं नाही. त्याला पासवर्ड पाठ आहे. चारातल्या कुठल्याही मशीनवरून तो फोल्डर उघडू शकतो. त्यानं आपल्याच मशीनवर काम उरकलं असतं. पण डब्यातली नोंद सांगते, फोल्डर उघडला तो ऋतुराजच्या मशीनवरून. तिथंच का? कारण तिथं पासवर्ड लागत नाही. स्क्रिप्ट ऋतुराजच्या नावानं आत जाते, म्हणून नोंदीत मेलेल्या माणसाचं नाव आलं. कुलूप दांडगं, पण किल्ली चौकटीवर ठेवलेली. म्हणजे पासवर्ड कुणाला ठाऊक हे विचारण्यातच चूक होती. कुणाला ठाऊक नाही, हे विचारायला हवं होतं."

आबांची नजर काचेतल्या कॅमेऱ्यावरच होती.

"दुसरं. बटण दाबताना कुंकू पुसलं. चोर असता तर तसंच टाकून गेला असता. ह्या माणसाला ते सोसवलं नाही. पूजेच्या हत्याराला हात लावला म्हणून त्यानं देवापुढचं कुंकू घेतलं आणि परत लावलं. घाईत हळद राहिली. आणि काकी टिकली लावतात अनामिकेनं, बारीक, गोल. ह्या बटणावर अंगठ्यानं ओढलेली उभी रेघ आहे. अगदी त्या काचेतल्या कॅमेऱ्यावर आहे तशी. तो कॅमेरा कोण पुजतं, आबा?"

आबांनी अंगठा मुठीत मिटला.

"मीच," आबा म्हणाले.

फरहाननं मान वर केली. "आबा? तुमी?"

"पोरा, तुझ्यावर आळ येतोय हे बघत बसलो मी. मला नरकात बी जागा न्हाय मिळायची." आबांचा आवाज फुटला. "दुकान रिकामं असतंय असा त्यो एकच दिस. आधी एकट्यानं बघावं म्हटलं. लावलं. रस्ता दिसला. मग फोनची रिंग वाजली, मी डोळं मिटलं, आणि माझाच आवाज. 'कुटं हाईस? चल बिगीबिगी.' गाडीवर फोन घेतला त्यानं, माझ्यापायी! मी बंद केलं. फुडचं बघवलं न्हाय. शालूनं हे ऐकलं तर ती माझं तोंड बघंल व्हय? पुसून टाकलं."

ते ढसढसा रडायला लागले. साठीचा, पेठेत दरारा असलेला माणूस रडताना बघणं फार वाईट असतं. फरहानही रडत होता.

शालूबाई मात्र रडल्या नाहीत. त्या येऊन नवऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"फोन लावा म्हणून तुमच्या मागं कोण लागलंतं?"

आबांनी वर बघितलं.

"मी. भाकरी निवाय लागली म्हणून. तुमी नगं म्हणत हुता, गाडीवर असंल म्हणत हुता. मीच ऐकलं न्हाय." त्या पदराचं टोक पिळत होत्या. "ती फाइल मला कशाला बघायची हुती? आपल्या फोनापायी गेला का काय, एवढंच बघायचं हुतं. पस्तीस दिस झालं, घास उतरत न्हाय माझ्या."

दोघं एकाच घरात, एकाच ताटाशेजारी, एकच दगड उरावर घेऊन बसले होते आणि एकमेकांना चोरत होते.

"काकी," पूर्णिमा म्हणाली, "फाइल आहे."

तिनं स्क्रिप्टची शेवटची ओळ वाचून दाखवली. "'आबांच्या हातून चुकून काही पुसलं गेलं तर महिनाभर इथं मिळेल.' डब्यात त्यानं वेगळा कप्पा करून ठेवलाय. मी फाइल उघडलेली नाही. तुमच्या आधी बघायचा मला हक्क नाही."

शालूबाईंनी नवऱ्याचा हात धरला. "लाव, फरहान."

रस्ता आला. उसाचे मळे आले. रिंग वाजली. आबांनी डोळे मिटायला घेतले, शालूबाईंनी त्यांचा हात दाबला. गाडीचा वेग कमी झाला. एक आंब्याचं झाड जवळ आलं, इंजिन बंद झालं. मग खिशातून फोन काढणारा हात.

"थांबला हुता..." आबा कसेबसे म्हणाले. "गाडी थांबवून बोललाय त्यो."

"बघा की," शालूबाई म्हणाल्या.

स्पीकरवर आबांचा आवाज आला. मग ऋतुराजचा, हसरा. "आलोच की आबा. आईला म्हणावं, भाकरी झाकून ठेव." फोन ठेवला. तो झाडाखाली जरा वेळ तसाच उभा राहिला, पाणी प्यायला. मग गाडी परत रस्त्याला लागली. सहा मिनिटं झाली. आठ. तो शीळ वाजवत होता.

पुढचं वळण फरहानला पोलिसांच्या पंचनाम्यामुळं ठाऊक होतं. त्याचं बोट बटणावर गेलं.

"व्हय, हितंच थांबीव," शालूबाई म्हणाल्या. "फुडं नगं. हितं त्यो अजून घरला येतोय."