मुंग्या, कागद आणि आबांची साखर

कागद म्हणत होता, आबांची साखर झकास आहे. मुंग्या म्हणत होत्या, मुळीच नाही. कोणीतरी एक चुकत होतं. आणि मुंग्यांना खोटं बोलून काय मिळणार होतं?

सन २०५१. गाव पुसद. घरात आम्ही तिघं. मी ऋतिका, वय अकरा. माझी आई शालिनी. आणि आईचे वडील देवराव, म्हणजे आबा. आबा एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. त्यांचं यकृत (उजव्या बरगड्यांखाली असणारं शरीराचं कोठार) कडक होऊन आक्रसलं होतं, आणि वर मधुमेह. गल्लीतले लोक म्हणायचे, "पीत असेल म्हातारा." आबांनी जन्मात चहापेक्षा कडक काही घेतलं नाही. दारू न पिताही यकृत बिघडतं, नुसती चरबी साठूनही बिघडतं. माहीत नसेल तर विचारावं, नाहीतर तोंड बंद ठेवावं.

दोन महिन्यांपूर्वी शहरातल्या दवाखान्यातून कागद आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी : ५.६. उत्तम! डॉक्टरांनी इन्सुलिन (साखर आटोक्यात ठेवणारं औषध, सुईने घ्यायचं) निम्म्यावर आणलं. महिन्याभराने, एका सोमवारी ते पूर्ण बंद व्हायचं होतं. आईने आनंदाने गल्लीभर पेढे वाटले. साखर उतरली म्हणून पेढे! आबांनीही दोन खाल्ले.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी मी मोरीत गेले, तर आबा बादलीने भराभर पाणी ओतत होते. फरशीवर मुंग्यांची काळी रांग वाहून चालली होती.

"आबा, या रोज येतात?"

"हळू बोल! शालूले सांगशील तं पाहा."

लघवीत साखर उतरली की मुंग्या येतात, हे त्यांच्या आजीच्या काळापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत आबांना सारखी तहान लागायची, रात्री चारदा उठायचे आणि दुपारी बोलता बोलता पेंगायचे. मी सगळं पाहत होते, आणि गप्प होते. त्याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी ठोकळा आला. ठोकळा म्हणजे आरोग्य उपकेंद्राचा यंत्रमानव. चार चाकं, एक हात, अंग धान्याच्या कोठीसारखं. नाव आम्हा पोरांनीच ठेवलंय.

"अभिनंदन, आजोबा! आजपासून सुई बंद," म्हणून त्याने दिवे लुकलुकवले.

आबा हसले.  सांगितलं तर आबा रागावणार. नाही सांगितलं तर आबाच राहणार नाहीत कदाचित.

"मोरीत मुंग्या येतात," मी म्हणाले. "रोज. आबा पाणी टाकून घालवतात."

"मोठ्यांच्या मधी बोलू नको वं," आई म्हणाली. "मुंग्या काय, कुठंबी येतात."

"बोलू द्या, काकू," ठोकळा म्हणाला. त्याचे दिवे थांबले होते. "आजोबा, बोट द्या."

नाश्त्याला दोन तास झाले होते. रक्ताच्या थेंबाने आकडा दाखवला : ३१८. हवा होता दोनशेच्या आत. आईचा चेहरा उतरला.

"मग कागद खोटा?" तिने विचारलं.

"कागद खरा, आकडाही खरा. चूक माझी आणि दवाखान्याची. आम्ही फक्त कागद वाचला. आजोबा, डेपोत गाडी परत आली की रस्ता कसा होता हे कसं ओळखायचात?"

"सोपं हाय. गाडी किती मळली ते पाह्याचं. उमरखेडची गाडी लालीलाल धुळीनं माखून ये."

"आता तांबड्या पेशी (रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे कण) म्हणजे तुमच्या गाड्या समजा. त्या साखरेच्या रस्त्यावरून जवळजवळ चार महिने धावतात. जितकी साखर जास्त, तितकी अंगाला चिकटते. तपासणी ही चिकटलेली साखर मोजते. पण तुमचं यकृत कडक झाल्यामुळे प्लीहा (डाव्या बरगड्यांखालची, म्हाताऱ्या पेशी मोडीत काढणारी पिशवी) फुगली आहे. ती धडधाकट पेशींनाही लवकर मोडीत काढते. मग शरीर काय करतं?"

 आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "नव्या गाड्या काढते! अन् नवी गाडी दोन फेऱ्यांत मळन कशी? साहेब गाडी पाहून म्हनन, रस्ता चकाचक हाय. अन् रस्त्यावर फुफाटा!"

"एकदम बरोबर," ठोकळा म्हणाला.

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जी गोष्ट दवाखान्याच्या ध्यानात आली नाही, ती एका मेकॅनिकने एका दमात सांगितली.

ठोकळ्याने तिथूनच डॉक्टरांना पडद्यावर बोलावलं. सगळं ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी चुकले. मुलीने सांगितलं हे फार बरं झालं." सुई बंद झाली नाही. नवा डोस त्यांनी ठरवून दिला आणि बजावलं की आपल्या मनाने तो वाढवायचा-घटवायचा नाही. ठोकळ्याने आबांच्या दंडावर दिवसरात्र साखर पाहणारा बिल्ला चिकटवला.

"मी यांचं रात्रीचं जेवण बंद करते," आई म्हणाली. "मग साखर उतरन."

"अजिबात नको," बाई म्हणाल्या. "निरोगी यकृत जेवणानंतर साखर साठवतं आणि रात्री थोडी थोडी सोडतं. यांचं कोठार गळकं आहे. जेवल्यावर साखर साठत नाही म्हणून चढते, आणि उपाशी ठेवलं तर काढायला काही नसतं, मग धोकादायक उतरते. थोडं थोडं, वरचेवर खाऊ घाला. झोपतानाही काहीतरी द्या. उपास बंद."

ठोकळा गेल्यावर आई आबांसमोर बसली. "लपवलं काहून, बाबा?"

आबा खाली पाहत म्हणाले, "सुईपायी तू कुठं जात नाहीस. लग्नाकार्यालेबी नाही. वाटलं, सुटशील."

"मी शाळेत डबा विसरली की तुम्ही ग्रीसचे हात घेऊन सायकल हाणत यायचे. मी कधी म्हटलं का, माझ्यापासून सुटा म्हणून?"

आबांनी डोळे पुसले आणि मला जवळ ओढलं. "चुगलखोर पोट्टी," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो कितीतरी वेळ तिथंच होता.

तीन आठवड्यांत तहान गेली, पेंगणं गेलं. ठोकळ्याने आमच्या घराची नोंद सगळ्या उपकेंद्रांच्या यंत्रमानवांना पाठवली. आता यकृताच्या रोग्याचा कागद चांगला आला, तरी ते बोट मागतात. प्रयोगशाळेत यकृताचे तुकडे वाढवायचं कामही चाललंय म्हणे. मी मोठी होईपर्यंत झालं नाही, तर मी करीन.

काल सकाळी आबा चिमूटभर साखर घेऊन अंगणात गेले. कुंपणाजवळच्या वारुळापाशी वाकले आणि ती हळूच सोडली.

"खा मायहो," ते म्हणाले. "तुमचे लई उपकार झाले. आता मोरीत येऊ नका."

आणि खरंच, मोरीत आता एकही मुंगी येत नाही.