दोनशे बारा पत्रं, एक हरकत

जयेश मला पहिल्यांदा दिसला तो कागदांच्या गठ्ठ्यामागे. म्हणजे आधी गठ्ठा दिसला, मग त्यावर टेकवलेली हनुवटी आणि मग दोन डोळे... घामेजलेले, वैतागलेले, तरी हसरे.

"मॅडम, पोच पाहिजे."

मी मॅडम नव्हते, इंटर्न होते. आवक-जावकचे क्लार्क जेवायला जाताना शिक्का माझ्या हातात देऊन गेले होते, कारण सरकारी कार्यालयात जे काम कोणाचंच नसतं ते इंटर्नचं असतं. कल्याणच्या त्या खाडीकिनारा नियोजन कक्षात मला जेमतेम आठ दिवस झाले होते.

"किती पत्रं आहेत?"

"दोनशे बारा."

"आणि पोच?"

"दोनशे बारा." त्याने मान तिरकी केली. "घरटी एक. प्रत्येकाला आपापली पाहिजे."

मी शिक्के मारत गेले आणि तो एकेक प्रत उचलून शाई वाळावी म्हणून फुंकर घालत राहिला. सगळ्या पत्रांवर एकच मजकूर होता. कांदळपाडा कोळीवाड्याची मासळी वाळवायची जागा नव्या आराखड्यात पार्किंग म्हणून दाखवली आहे. ती आमची वापरातली जागा आहे, तशीच राहू द्यावी. खाली सह्या मात्र वेगवेगळ्या, काही ठिकाणी अंगठे. शंभराच्या आसपास माझं मनगट दुखायला लागलं.

"द्या, मी मारतो."

"सरकारी शिक्का आहे. असा कोणाच्याही हातात देत नाहीत."

"तुमच्या हातात दिलाच ना."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उरलेले एकशे बारा शिक्के मी जरा सावकाशच मारले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच दुपारी माजिवड्याच्या धोरण अभ्यास केंद्रात, माझ्या दुसऱ्या इंटर्नशिपच्या ठिकाणी, शेजारच्या खुर्चीवर नवा मुलगा येऊन बसला. तोच. लॉच्या शेवटच्या वर्षाला होता. सकाळी कल्याण कोर्टात एका वकिलांकडे, दुपारी इथे. मी पब्लिक पॉलिसीची. सकाळी सरकारात, दुपारी धोरणात. एका इंटर्नशिपने सर्टिफिकेट मिळतं, दुसरीने ओळखी होतात, आणि दोन्ही मिळून जेवायला वेळ ठेवत नाहीत. आमच्या पिढीला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

"मॅडम, इथे पण शिक्के मारता?"

"इथे पीपीटी बनवते. आणि मॅडम नको, ऋजुता."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या स्कूटीवर कल्याणहून माजिवड्याला जायला लागले. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, राजनोली नाका, आणि मग हायवेला कंटेनरच्या मागे गुदमरत... ऑक्टोबरच्या उन्हात डांबर तापलेलं असायचं. तरी तो रस्ता संपू नये असं वाटणारी मी एकटीच असेन.

पहिल्याच दिवशी राजनोलीच्या सिग्नलला तो मागे न वळता म्हणाला, "एक रूल करू. तुझ्या ऑफिसातलं मी काही विचारणार नाय. तू पण सांगायचं नाय. उद्या कोणी बोलायला नको, पोरगी पटवून फाईल हलवली."

"पटवलीस कधी?"

"प्रयत्न चालू आहेत."

सिग्नल सुटला म्हणून वाचले. आरशात माझा चेहरा त्याला दिसला असेल की नाही, हे मी कित्येक दिवस ठरवू शकले नाही.

तो नियम आम्ही दोघांनी इतका काटेकोर पाळला, की आज मला त्याची शिसारी येते. त्या वेळी मात्र आवडला होता. सरळ माणूस आहे, असं वाटलं होतं. दुपारी तो डबा उघडायचा. भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्या डोंबिवलीच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या शेगडीवर शिजतं. पहिला घास मी डोळे मिटून खाल्ला. दुसरा उघडे ठेवून. तिसरा त्याच्या पुढ्यातून.

"आईने वाळवलेली आहे. ती जागा आहे ना, तिथेच..." असं म्हणून तो थांबला, जीभ चावली. नियम. मी पण मान खाली घातली आणि बोटं पुसली.

कारण तोवर मी ते काम करून बसले होते.

झालं असं. नियोजन कक्षातल्या साहेबांनी मला हरकतींची यादी करायला दिली होती. एकूण दोनशे त्रेपन्न पत्रं. "सारख्या मजकुराची एकच हरकत धरायची," ते म्हणाले, "पहिल्याचं नाव घे, बाकीची संलग्न." मी तसं केलं. कोळीवाड्याच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर दामाजीकाकांचं, जयेशच्या चुलत्यांचं पत्र होतं. त्यांचं नाव घातलं आणि शेजारी रकाना केला: सोबत आणखी २११. मग यादी एका पानात बसेना. साहेबांना सगळं एका पानात लागतं. म्हणून तो शेवटचा रकाना मीच काढून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. बेचाळीस हरकती, पान छान बसलं. साहेब म्हणाले, "याला म्हणतात काम." मला वाटलं, ही नुसती यादी आहे, पत्रं फायलीत आहेतच. त्या यादीवरूनच सुनावणीच्या नोटिसा निघतात आणि त्या यादीवरूनच दारात नावं पुकारतात, हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. एम.ए.ला आम्हाला लोकसहभागावर शंभर मार्कांचा पेपर होता आणि मला त्यात ब्याऐंशी होते.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी जयेशने मला सोडताना स्कूटी बंद केली. एरवी तो चालूच ठेवायचा.

"उद्या आई पण येणारे. सुनावणी झाली की तुला भेटवतो."

"म्हणून काय सांगशील?"

"खरं तेच." तो हँडलवरचं रबर नखाने उचकटत राहिला. "उद्या रूल पण संपतोय ना. मग सगळंच सांगायचंय. तुला पण."

मी रात्री दोन कुर्ते इस्त्री केले. कोणता घालायचा ते ठरेना.

गुरुवार उजाडला तोच फोनच्या टुणटुणीने. क्षिप्रा मॅडम, माजिवड्याच्या केंद्रातल्या आमच्या वरिष्ठ: 'खाडीकिनारा आराखड्यातल्या लोकसहभागाचा रिपोर्ट आज पाचपर्यंत, अगदी फायनल.' कॉलेज: 'साप्ताहिक अनुभवलेखन आजच अपलोड करा.' साहेब: 'नऊला ये, खुर्च्या मोजून घे.' मी रिक्षात बसून अनुभवलेखन लिहिलं. 'या आठवड्यात मी संघटितपणे काम करायला शिकले,' असं काहीतरी.

साडेदहाला कार्यालयाचं आवार भरलं. सगळा कांदळपाडा आला होता. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, गळ्यात सोनं घालून, म्हातारे टोप्या घालून. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली ती पोच. त्या दिवशी एकही होडी खाडीत गेली नव्हती. जयेश पांढऱ्या शर्टात सगळ्यांना रांगेत उभं करत होता. वर बघून त्याने मला एक भुवई उडवून दाखवली.

अकरा वाजता शिपाई विठ्ठलने दारात यादी लावली आणि पुकारलं, "हरकत क्रमांक एक. दामाजी. एकच माणूस आत या."

मी आत मिनिट्स लिहायला बसले होते. त्या क्षणी मला कळलं. तरी मी वहीवर तारीख घातली.

दामाजीकाका आत आले. काचेच्या दाराबाहेर माणसांचे चेहरे चिकटले होते.

"बोला. पाच मिनिटं आहेत," साहेब म्हणाले.

"मना यकट्याला काय इचारता साहेब? भायेर आखा गाव उभा हाय. त्यांना बोलवा."

"यादीत तुमचंच नाव आहे. तुमची हरकत सांगा."

"हरकत माझी यकट्याची नाय. सगल्यांनी सह्या केल्यान. कागद हाय ना तुमच्याकरं."

"काका, वेळ जातोय."

"जाऊं द्या. आधी त्यांना आत घ्या. बाया हाईत, त्या मासली वालवतान, त्या सांगतील. मना काय ठावं? मी होरीवर आसतो."

मी अर्धी उठले. "सर, ते... त्या हरकतीसोबत आणखी..."

"ऋजुता, मिनिट्स." साहेबांचा आवाज मऊ होता. ते ओरडले असते तर कदाचित मी बोलले असते. मी बसले.

पाच मिनिटं काकांनी गावाला आत घ्या, एवढंच सांगण्यात घालवली. मग साहेबांनी सांगितलं आणि मी माझ्या अक्षरात लिहिलं: हरकतदाराने जागेविषयी म्हणणे मांडले नाही. हरकत निकाली. पुढचं नाव पुकारलं गेलं. एका गृहसंकुलातल्या सात जणांना सात वेगळ्या हरकतींसाठी सात वेळा पाच मिनिटं मिळाली, कारण त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं.

सुनावणी एकला संपली. आवार रिकामं होत होतं. जयेश रिकाम्या हातांनी स्कूटीपाशी उभा होता. आईचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

"चल. पाचला रिपोर्ट आहे ना."

"जयेश, मला..."

"आधी रिपोर्ट."

माजिवड्याला तो माझ्या शेजारी बसला आणि माझ्या तक्त्यांचे रंग सारखे करून दिले, शुद्धलेखन तपासलं, क्षिप्रा मॅडमचे तीन फोन घेतले. एका स्लाइडवर माझंच वाक्य होतं: 'प्राप्त हरकती : ४२'. तो तिथे थांबला. कर्सर त्या आकड्यापुढे लुकलुकत राहिला. मग त्याने पुढची स्लाइड उघडली. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी रिपोर्ट गेला. क्षिप्रा मॅडमनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

बाहेर उड्डाणपुलाखाली गाड्यांचा नुसता कल्लोळ होता. त्यात उभं राहून मी सांगितलं. सगळं. यादी, रकाना, एका पानाची हौस. मी अर्धी उठून परत बसले, ते सुद्धा. आणि थांबता येईना म्हणून तेही सांगून टाकलं, जे अशा दिवशी कोणी सांगू नये.

"मला तू आवडतोस. खूप. पहिल्या दिवसापासून."

त्याने दुसरं हेल्मेट कोपरावर सरकवलं.

"यादी मला माहितीय," तो म्हणाला. "दारात लावलेली ना. खाली लिहिलेलं, तयार करणार, आणि तुझं नाव. अकरालाच वाचलं."

"मग दिवसभर...?"

"बघत होतो, तू सांगतेस का." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "माझी पण चूक आहे. सगळ्यांनी एकच मजकूर लिहा, हे मीच बोललेलो. एकी दिसेल म्हणून. काका बोललेले, ज्याचं त्याला लिहू दे. मी लॉवाला ना, माझंच खरं. नोटीस एकट्या काकांना आली, तेव्हा पण वाटलं, बाकीच्या पोस्टात असतील. तुला विचारणार होतो. पण रूल."

"आपण अर्ज करू. मी लेखी देते, माझी चूक आहे म्हणून. फेरसुनावणी मागू."

"मी दिलाय अर्ज, दुपारीच. सुनावणीचा दीडशे पानांचा अहवाल आधीच छापायला गेलाय, बोलले." तो हसला, पण ते हसू बघवेना. "तरी तू दे. देशील ना?"

"देईन."

"माहितीय."

एक बस आली आणि गेली. माझी होती. आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं आणि कोणीच हललं नाही.

"तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तुझा राग आला असता. मग जमलं असतं मला."

"काय जमलं असतं?"

"आता तुला घरी नेलं ना, तर कोणी तुला एक शब्द बोलणार नाय. आई चहा देईल. पाट देईल बसायला. आणि पुढच्या वर्षी तिथे गाड्या लागतील, तेव्हा पण काही बोलणार नाय. ते मला बघायला जमणार नाय, ऋजुता. तुला पण नाही."

मी भांडायला हवं होतं. आपण मिळून लढू, असं म्हणायला हवं होतं. पण मला त्या काचेबाहेरचे चेहरे दिसत होते, आणि त्यातला एक त्याच्या आईचा होता; कोणता, ते मला माहीतही नव्हतं.

"मी तुला काय सांगणार होतो आज, ते विचारणार नाहीस?"

"नको."

"बरं." त्याने खिशातून किल्ली काढली. "तेच होतं, तू आता बोललीस ते."

त्याने स्कूटी स्टँडवरून काढली. माझ्यासाठी आणलेलं दुसरं हेल्मेट अजून त्याच्या कोपरावर होतं. ते त्याने डिकीत ठेवायचा प्रयत्न केला. मावलं नाही, म्हणून पायाशी ठेवलं. मला राहवलं नाही.

"आईने काही विचारलं?"

"विचारलं. काचेतून बघितलेलं तिने तुला. बोलली, आत ती लिहीत बसलेली पोरगी कोण रे, एकटीच रडायला आलेली."

"तू काय सांगितलंस?"

जयेशने हेल्मेटचा पट्टा लावला.

"ऑफिसातली हाय बोललो."