मागच्या खोलीचा पंचनामा

अनुषा, लॅपटॉप जरा मिट. नाही? बरं, राहू दे. दिवा मात्र चालू ठेव. सांगणार आहे ते भर दुपारचं, आजच्याच दुपारचं आहे, पण अंधारात ते माझ्याच्यानं बोलवणार नाही.

सकाळी तू कामाला गेलीस आणि मी चामराजपेटच्या घराचा कागद बघायला कचेरीत गेलो. काम साधं होतं. घर अजून तुझ्या आजोबांच्या, विठोजींच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर चढून ई-खाता, म्हणजे मालकीचा उतारा, हातात आला की विकायला मोकळं. अर्ज तीन महिने अडकून पडलेला. ऑनलाइन बघितलं की एकच ओळ यायची, स्थळपाहणी झाली, आक्षेप आहे. कसला आक्षेप ते कॉम्प्युटर सांगत नाही, आणि खिडकीपलीकडचा माणूस तर मान वर करत नाही.

शेवटी मी तळघरात गेलो, जुन्या नोंदींच्या खोलीत. तिथे देवाप्पा बसतो. निपाणीकडचा आहे, आपली भाषा बोलतो, म्हणून जरा धीर. वीज गेली होती. कुबट कागद आणि डांबरगोळ्यांचा वास घशाशी येत होता. मोबाइलच्या उजेडात त्याने गठ्ठे उलटेपालटे केले, "स्वल्प थांबा अण्णा," म्हणाला, आणि फाइल काढून वाचायला लागला.

"पाहणी गेल्या महिन्यात झालीया की," तो म्हणाला. "घर मालक वापरतोय का भाड्यानं दिलंय, एवढंच बघत्यात. घरपट्टी त्यावर ठरते. साहेबांनी लिवलंय, मालकच राहतोय."

"घराला कुलूप आहे, देवाप्पा. मी मुलीकडे असतो, कोरमंगलाला."

"हितं तर लिवलंय..." त्याने बोट कानडी ओळीवर ठेवलं आणि मला हळू आवाजात मराठी करून सांगितलं. "दार उघडं होतं. मागच्या खोलीत एक वयस्क बाई. बोलता येत नाही. पेला वाजवून पाणी मागितलं."

त्याखाली यंदाच्या एप्रिलची घरपट्टीची पावती होती. भरणाऱ्याचं नाव अहल्या विठोजी, म्हणजे अक्का, तुझी आत्या. मी ती पावती कितीतरी वेळ धरून उभा होतो. तुला आठवत असेल, अक्का दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतः रांगेत उभी राहून घरपट्टी भरायची. लवकर भरली की सूट मिळते याचा तिला कोण अभिमान. सगळ्या पावत्या तारेला ओवून मागच्या खोलीत टांगलेल्या असायच्या. पण एप्रिलच्या आधीच, फेब्रुवारीत, अक्का गेली होती.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. तू तेव्हा कंपनीच्या कामासाठी जर्मनीत होतीस. अक्का झोपेत गेली असं मी फोनवर म्हणालो, ते खरंच आहे. पण त्याच्या नऊ दिवस आधी मी तिला कागदावर मारून मोकळा झालो होतो.

घर आम्हा दोघा भावंडांचं. खाता बदलायला वंशावळ लागते, आणि वंशावळीत ती आली की विक्रीला तिची संमती लागते. झटका येऊन तिची वाचा गेली होती, पण मान हलवता येत होती. मी घर विकायचं काढलं की ती मान हलवायची. नाही. प्रत्येक वेळी नाही. दलाल अजिंक्य म्हणाला, त्यात काय, वंशावळीत लिहून टाका, अविवाहित, तीन वर्षांपूर्वी गावी मयत. पंचांच्या सह्या झाल्या की झालं. मी स्वतःला सांगितलं की तुझ्या फ्लॅटसाठी करतोय. खोटं होतं ते. मला तिचा कंटाळा आला होता. लहानपणी मला शिकवायला तिने स्वतःचं लग्न केलं नाही, आणि मला तिचा कंटाळा आला होता.

पंचनाम्याला तलाठी आला तो आपल्या बाहेरच्या खोलीतच बसला. पंच म्हणून शेजारची रत्नाबाई. तिला बाजूचा बोळ द्यायचं मी कबूल केलं होतं, म्हणून ती काही बोलणार नव्हती. मागच्या खोलीच्या दाराला मी आदल्याच दिवशी बाहेरून कडी बसवून घेतली होती. ती लावली आणि सगळ्यांना कॉफी दिली. रत्नाबाई शाईच्या पॅडवर अंगठा टेकवत होती, तेवढ्यात आतून आवाज आला. टण. टण. टण. अक्काला तहान लागली होती, ती पेला खाटेवर वाजवत होती.

"आत कोण आहे?" तलाठ्याने विचारलं.

"आत कोणी नाही," मी म्हणालो. "नळ आहे, जुना. असाच वाजतो."

रत्नाबाईने खाली बघितलं. पेला बराच वेळ वाजत राहिला, मग थांबला. माणसं गेल्यावर मी पाणी घेऊन गेलो, तर अक्का डोळे उघडे ठेवून पडली होती. तिने सगळं ऐकलं होतं. पाणी तिने घेतलं नाही. त्यानंतर पेला कधीच वाजवला नाही.

कुठे चाललीस? स्वयंपाकघरात काय आहे? बरं, ये जाऊन.

नवव्या दिवशी ती गेली. आता कागदावर तीन वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला पुन्हा कसं मारायचं? स्मशानात मी नाव सांगितलं, ठकुबाई, निपाणीची आत्या. अशी आत्या मला कधी नव्हतीच. भटजींनी पिंडाच्या वेळी नाव विचारलं तेव्हाही स्मशानात ठकुबाई ऐकलेली चार माणसं मागे उभी होती, म्हणून तिथेही ठकुबाईच म्हणालो. सख्ख्या बहिणीला अग्नी दिला, पाणी सोडलं, सगळं केलं, पण ते कुणा भलतीच्याच नावाने. अक्काच्या नावाने आजवर पाण्याचा थेंबही कोणी सोडलेला नाही.

आज ती पावती बघून मला आधी रागच आला. वाटलं, रत्नाबाईने बोळावरून काहीतरी डाव टाकला, कोणा बाईला घरात घुसवलंय. तसाच रिक्षा करून घरी गेलो. कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. उघडून आत गेलो. बाहेरची खोली रिकामी. खुर्च्यासुद्धा मी मागेच विकून टाकल्यात. धुळीत एकही पाऊल नाही. पण वास होता... अक्काच्या पायाला चोळायचो त्या नारायण तेलाचा.

मागच्या खोलीत नुसती खाट. खाटेशेजारी जमिनीवर तिचा पेला. हा पेला मी माझ्या हाताने भंगारवाल्याला दिला होता, अनुषा. तो उचलायला वाकलो आणि पाठीमागे दार लागलं. मग कडी सरकली. बाहेरून.

मी ओरडायला गेलो. घशातून हवासुद्धा येईना. जीभ अशी जड झाली की दातांना लागेना. मी खाटेवर बसलो. आणि बाहेरच्या खोलीत, जिथे एक खुर्ची नाही, तिथे खुर्च्या सरकल्या. कागद फडफडले. रत्नाबाई खोकली, तिचा खोकला मी चाळीस वर्षं ऐकतोय. कोणीतरी कानडीत वंशावळ वाचत होतं. विठोजी, मयत. पुढे माझं नाव वाचलं, आणि त्याच्यापुढेही तोच शब्द वाचला.

माझ्या हातात तेवढा पेला होता. तो मी खाटेच्या लोखंडावर आपटला. आपटत राहिलो.

"आत कोण आहे?" तलाठ्याने विचारलं.

मग अक्का बोलली. झटक्याच्या आधी बोलायची तशी, स्वच्छ, सावकाश.

"आत कोणी नाही. नळ आहे, जुना. असाच वाजतो."

त्यानंतर किती वेळ गेला मला माहीत नाही. तहान मात्र आठवते. तशी तहान मला जन्मात लागली नव्हती, आणि तिला ती रोज लागत होती. केव्हातरी कडी आपोआप निघाली. बाहेरच्या खोलीत खुर्च्या नव्हत्या. धुळीत पावलंही नव्हती, माझीसुद्धा नव्हती.

रत्नाबाई तिच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. आवाज परत आला होता, निदान मला तसं वाटलं. रत्नाक्का, मी रघुपती, म्हणालो. तीनदा म्हणालो. तिने मान वर केली, माझ्या खांद्यावरून आमच्या घराच्या उघड्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "अहल्याक्का, तेवढा नळ बघून घ्या की. फारच वाजतोय." तांदळात फिरणाऱ्या तिच्या अंगठ्याला निळी शाई होती, ओली.

मी बसने इकडे आलो. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. खाली गेटवर वॉचमनने वहीत सही मागितली नाही. तू दार उघडलंस तेव्हा मला इतकं बरं वाटलं. मग कळलं, तू ते जेवण घेऊन आलेल्या माणसासाठी उघडलं होतंस. मी तुझ्या मागोमाग आत आलो.

मी बोलायला लागल्यापासून तू दोनदा उठलीस. दोन्ही वेळा स्वयंपाकघरात जाऊन नळ पिळून आलीस. तो गळत नाही, तूच खाली हात धरून बघितलंस. आता फोनवर प्लंबरला उद्या सकाळी ये म्हणून सांगते आहेस.

अनुषा, बाळ, घोटभर पाणी दे मला.