टेकडीवरचा वरवंटा

त्या रविवारी कुसाबाईनं भाकरी जरा जास्तच जोरात थापल्या. शेजारणींना वाटलं, सहलीला निघाली, हौस असेल. हौस कसली! चुलीतल्या जाळापेक्षा तिच्या डोक्यातला जाळ मोठा होता.

नवरा कोंडाजी लाकडाच्या वखारीत कामाला. वखारीतले सगळे नव्या बागेत जाऊन आले होते. पंचवटीच्या पुढं शहर संपतं तिथल्या टेकडीवर गेल्याच वर्षी ती बाग झाली. तिकीट नाही, घरची भाकरी न्यायची, बसभाडं तेवढं लागायचं. वरून गोदावरी दिसते, देवळांचे कळस दिसतात. "स्वस्तातलं महाबळेश्वर," असं कुणीतरी म्हणालं आणि कोंडाजीनं ते आठवडाभर घरात घोळवलं.

पाटीवर बागेला नाव गोड दिलं होतं. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र ती तान्ह्यांची टेकडी. तान्ही लेकरं गेली तर त्यांना जाळत नाहीत, पुरतात. आसपासच्या वस्त्यांनी आपली तशी लेकरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच ठेवली. कुसाबाईचं एकुलतं एक बाळही कैक वर्षांपासून तिथंच होतं. बारशाच्या आदल्या दिवशी गेलं ते.

बारशाला वरवंट्याला टोपडं घालून, बाळासारखं नटवून पाळण्यात निजवतात. लेकरू दगडासारखं टणक होवो म्हणून. कुसाबाईनं वरवंटा घासूनपुसून तयार ठेवला होता. बाळंतिणीनं तिकडं जायचं नसतं. मग तिनं तो नवऱ्याच्या हाती दिला. "एकटं नका ठेवू त्याला. ह्यो उशाशी ठेवा," एवढंच म्हणाली. कोंडाजीनं ठेवला आणि रीतीप्रमाणं मागं न बघता घरी आला. त्यानंतर त्या घरात बाळाचा विषय कुणी काढला नाही. आणि आता हा बाबा म्हणत होता, तिथं हवा खायला जाऊ!

तरीही ती निघाली. कोंडाजीला वाटलं, बाई विसरली. पुरुषांना असं वाटायला फारसं काही लागत नाही.

माथ्यावर दुपारचं ऊन उतरत होतं. हिरवळ, बाकडी, झेंडूचे वाफे. माणसं कठड्याला टेकून एकमेकांना रामशेजचा किल्ला दाखवत होती. कुसाबाईनं कठड्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती वाफ्यांकडं बघत उभी राहिली. प्रत्येक वाफ्याच्या कडेनं चुना फासलेले दगड ओळीनं बसवले होते. लहान लहान. कुठलाही उचलून काखेत मारावा एवढे.

पाण्याची झारी घेऊन माळी आला. सहादू त्याचं नाव. तिनं विचारलं, "हे दगड कुठनं आणले?"

"हितलेच. माथ्यावर पडल्याले व्हते. गोळा केले, चुना मारला."

"पडल्याले नव्हते," कुसाबाई म्हणाली. "ठेवल्याले व्हते."

सहादूनं झारी खाली ठेवली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, एक सांगू? हितं एवढी लेकरं येत्यात. पडत्यात, आपटत्यात... पण एकबी रडत नाय. ध्यानात आलं का?"

तिनं कान दिला. खरंच. बाग लेकरांनी भरली होती आणि रडण्याचा एकही आवाज नव्हता. घसरगुंडीपाशी एक पोर गुडघा फोडून बसली होती. रक्त येत होतं. ती मान वाकडी करून जमिनीकडं बघत होती, खालून कुणी बोलत असावं तशी. ओल्या मातीचा वास येत होता आणि त्यात दुसराही एक, नासलेल्या दुधासारखा.

कुसाबाई ओळीओळीनं चालत गेली. शेवटच्या वाफ्याशी थांबली. चुना होता, तरी एका टोकाचा उडालेला टवका तिनं ओळखला. त्याच्यावर तिनं रोज मिरची वाटली होती. तिनं तो मातीतून उपटला, पदरानं चुना पुसला आणि भाकरीभोवतीचं जुन्या लुगड्याचं धडपं सोडून त्यात गुंडाळला. भाकरी हिरवळीवर पडल्या, पडू देत.

"कुसा, ठेव त्यो दगड. लोक बघत्यात," कोंडाजी पुटपुटला.

"बघू द्या! तुम्ही ठेवला, लोकांनी त्याला झेंडूची राखण करायला लावली. माझ्या लेकराच्या उशाचा दगड काढला आणि तुम्ही मला वरची हवा दाखवायला आणलीत? लाज नाय वाटली?" तिचा आवाज एवढा चढला की कठड्यापाशी माणसं वळली. ती उतरायला लागली.

उतारावर ऊन कललं होतं. वरवंटा छातीशी धरून ती तरातरा चालली होती. आधी तो थंडगार होता. अर्ध्या वाटेवर तो कोमट झाला. उन्हानं तापला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ऊन तर मघाशीच टेकडीआड गेलं होतं.

"कुसा..." मागून कोंडाजीचा आवाज आला, अगदी हलका. "मागं बघू नको."

"का?"

"नको बघू... चल नुसती. पाय उचल."

कोंडाजीचे पाय तिला मागून ऐकू येत होते. त्याच्याही मागं काहीतरी घरंगळत येत होतं. थांबून थांबून. एक नव्हतं, बरीच होती. ती थांबली नाही. तिला भीती वाटली, पण राग भीतीच्या वर होता. येऊ देत, तिच्या मनात आलं, त्यांच्याही आया खालीच राहतात.

फाट्यावर बस मिळाली. आत पिवळा दिवा. हरसूलकडनं आलेली एक म्हातारी पाटी पायाशी ठेवून बसली होती. कुसाबाईकडं बघून ती सरकली. "बस बाई, लेकरू घेऊन उभी नको ऱ्हाऊ."

कुसाबाई बसली. कोंडाजी समोरच्या बाकावर टेकला.

थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली, "पाय उघडा पडलाय त्याचा. गार वारं हाय, झाक की."

कुसाबाईनं खाली पाहिलं नाही. नुसत्या हातानं चाचपून धडपं ओढलं. हाताला जे लागलं ते दगडाचं नव्हतं.

"नाव काय ठिवलं?"

कुसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांचा राग त्या पाहण्यात होता. "इचारत्यात त्या," ती म्हणाली. "सांगा की."

कोंडाजीचे ओठ हलले. "न... नाय ठेवलं अजून."

"आता गं बया! मंग ठिवा की. केवढं थोरलं झालंय, आन्‌ बापाकडं कसं टकामका बघतंय."

कोंडाजी उठला आणि दांडा धरत धरत पार मागच्या बाकावर जाऊन बसला. कुसाबाईनं त्याला थांबवलं नाही. तिची छाती जड झाली होती, चोळी ओली लागत होती. तिनं पदर पुढं ओढून घेतला. इंजिनाची घरघर एवढी होती, तरी मागच्या बाकापर्यंत सगळ्या बसनं ऐकलं, पदराखाली कुणीतरी घाईघाईनं, भुकेजून पीत होतं.